'परफेक्ट' आणि 'पुरें'

आमच्या घरांत हल्लीं एक इंग्रजी शब्द कायमचा मुक्कामाला आला आहे. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानें दोन दिवसांत माजघरापर्यंत वावरूं लागावें, आणि आठवडाभरांत घरच्याच माणसांना "जरा सरका" म्हणावें, तशी त्याची चाल आहे. तो शब्द म्हणजे 'परफेक्ट'. दादांची, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंची, धाकटी नात सकाळीं चहाचा पहिला घोट घेते आणि म्हणते, "परफेक्ट!" रिक्षा वेळेवर दाराशीं आली, परफेक्ट. तव्यावर पोळी टम्म फुगली, परफेक्ट. वाण्यानें सुटे पैसे मोजून हातावर ठेवले, तरी परफेक्ट. आणि परवां आमच्या सौभाग्यवतींनीं "आज भाजी नाहीं, नुसतें पिठलें आहे" असें कांहींशा अपराधी स्वरानें जाहीर केलें, तेव्हांही त्या मुलीच्या तोंडून तोच शब्द बाहेर पडला!

आम्हीं जन्मभर शाळेंत इंग्रजी शिकविलें. शब्द अस्थानीं पडला कीं आमचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. परंतु या एका शब्दानें आम्ही दचकतों, त्याचें कारण शिक्षकी खोडीहून निराळें आहे. तें पुढें सांगूंच. प्रथम शब्दाकडे पाहूं.

या एका पाहुण्यानें आमच्या किती घरच्या माणसांना सरकावयास लावलें, याची एकदां सहज मोजदाद केली. पूर्वी आपल्याकडे हिशेब चोख असे, नेम अचूक असे, नक्कल तंतोतंत असे, अक्षर रेखीव असे, काम बिनचूक असे, भाजींत मीठ बेताचें असे आणि पूजा यथासांग होत असे. प्रत्येक गुणाला त्याचा त्याचा शब्द होता. चोख हिशेबाला कोणी रेखीव म्हणत नसे आणि रेखीव नाकाला कोणी बिनचूक म्हणत नसे. आतां हिशेबही परफेक्ट, नाकही परफेक्ट आणि मीठही परफेक्ट. सातआठ वाट्यांतले निरनिराळे पदार्थ एकाच पातेल्यांत ओतावे, तशी ही गत झाली आहे.

शब्दाचें कूळ शोधावें ही आमची जुनी खोड. 'परफेक्ट' हा मूळचा लॅटिन. 'पेर्' म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. आणि 'फाकेरे' म्हणजे करणें. दोन्ही मिळून झालेल्या शब्दाचा मूळ अर्थ 'शेवटपर्यंत केलेलें', आपल्या भाषेंत 'पार पाडलेलें', एवढाच. भाषाशास्त्रज्ञ त्यांतल्या 'पेर्'चें नातें आपल्या 'परि' या उपसर्गाशीं लावतात आणि 'फाकेरे'चें नातें 'धा' या संस्कृत धातूशीं. म्हणजे रोमकांनीं जे दोन अवयव जोडून 'परिपूर्ण' हा अर्थ काढला, त्यांच्याच भावंडांना जोडून आपल्याकडे काय झालें? तर 'परिधान' झालें, वस्त्र नेसणें झालें! एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन गांवीं गेल्या. एकीनें राज्य केलें, दुसरीनें कापडाचें दुकान काढलें, असा हा प्रकार आहे.

इंग्रजींत हा शब्द थेट लॅटिनमधून आला नाहीं. तो फ्रेंचांच्या अंगणांतून 'पार्फिट' अशा घरगुती वेषांत आला. पुढें पंडितांचें त्याच्या मूळाकडे लक्ष गेलें आणि त्यांनीं त्याच्या लेखनांत लॅटिनमधला 'क' पुन्हा आणून बसविला. मागाहून तो उच्चारांतही शिरला. परिपूर्णतेचा वाचक असलेला शब्दच असा अपुरा ठरून दुरुस्त व्हावा, हें मोठें मौजेचें आहे.

'शेवटपर्यंत केलेलें' आणि 'ज्यांत दोष नाहीं असें', हे दोन अर्थ एका शब्दांत नांदूं लागले, येथेंच सारा घोटाळा आहे. कारण हे दोन गुण एक नव्हेत. ओबडधोबड कामही पुरें होऊं शकतें आणि निर्दोष कामही अर्धवट राहूं शकतें. इंग्रजीच्या निरनिराळ्या शास्त्रांत या शब्दाचा उपयोग कसा होतो हें पाहिलें, म्हणजे पहिला अर्थच तेथें अधिक नांदतो असें दिसतें. वनस्पतिशास्त्रांत ज्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्याला 'परफेक्ट' फूल म्हणतात. दाराशीं फुललेली जास्वंद किडीनें खाल्लेली असली तरी त्या अर्थी परफेक्टच. कारण तिच्यांत दोन्ही केसर आहेत. छापखान्यांत कागदाची एक बाजू छापून झाली, कीं पाठीमागची बाजू छापण्याच्या कामाला याच शब्दापासून निघालेलें नांव आहे. मजकुरांत चुका किती, हा प्रश्न तेथें नाहीं. पाठपोट छापून झालें, एवढेंच.

गणितांतही असेंच. ६ या संख्येला तिच्याहून लहान असे १, २ आणि ३ यांनीं नि:शेष भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा ६च येते. २८चेंही तसेंच: १, २, ४, ७ आणि १४. मग ४९६, त्यापुढें ८१२८. अशा संख्यांना 'परफेक्ट' म्हणतात. त्या बनविण्याची रीत युक्लिडच्या ग्रंथांत दिलेली आहे. यंत्रगणकांच्या साहाय्यानें २०२४ सालापर्यंत अशा ५२ संख्या हातीं लागल्या, सगळ्या सम. विषम परफेक्ट संख्या एक तरी आहे कीं नाहीं, याचा निकाल दोन हजार वर्षांत कोणाला लावतां आलेला नाहीं. परिपूर्ण संख्यांचें शास्त्रच अजून अपुरें आहे!

आणि व्याकरण तर आमचें घरचेंच. 'मीं पत्र लिहिलें आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजींत त्याला 'परफेक्ट' काळ म्हणतात. पत्रांत शुद्धलेखनाच्या दहा चुका असोत, काळ परफेक्टच राहतो. क्रिया घडून गेली आहे आणि तिचा परिणाम अजून शिल्लक आहे, एवढेंच तो काळ सांगतो. हें वाक्य आम्हीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. त्याचा अर्थ मात्र फार उशिरां कळला.

आमचे दादा हिशेबाच्या खात्यांत होते. १९९७ सालीं ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. असे कुलवृत्तान्त आपल्या लोकांत नवे नाहींत. कित्येक घराण्यांनीं गेल्या शतकांत ते छापून काढले. आमचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतलें. तेथून एक शाखा घाटावर आली, एक बडोद्यास गेली, एक इंदुरास. दादांनीं पत्रें लिहिलीं, जुन्या पत्रिका आणि शाळांचे दाखले मिळविले, त्र्यंबकेश्वरीं जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या. त्यांचा नियम एकच: कागदाचा आधार असल्याशिवाय नांव लिहावयाचें नाहीं. जन्मभर ज्यांनीं पावतीशिवाय आणा खर्ची घातला नाहीं, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी?

या नियमांत पुरुष बसत होते. बायका बसत नव्हत्या. सातबाऱ्यावर त्यांचें नांव नाहीं, शाळेच्या दाखल्यावर नाहीं; यात्रेच्या वहींत क्वचित् 'सहकुटुंब' एवढाच उल्लेख. त्यांतून लग्नांत नांव बदलावयाची आपली चाल. म्हणजे शोधावयाचें तें एक नांवही नव्हे, दोन. त्यामुळें मागच्या पिढ्यांतल्या सतरा स्त्रियांपुढें दादांनीं आपल्या सुरेख अक्षरांत 'नांव उपलब्ध नाहीं' असें लिहून ठेविलें.

आणि तीं नांवें उपलब्ध होतीं! आमच्या साताऱ्याच्या घरांत, माजघरांतल्या खिडकीपाशीं, जपाची माळ घेऊन तीं बसलेलीं होतीं. आमची आत्या १९२८ सालचा जन्म असलेली. दृष्टि अधू झालेली, पण स्मरण लख्ख. कोणाची सून कोणत्या गांवची, तिचें माहेरचें नांव काय, सासरीं काय ठेविलें, कोणती बाळंतपणांत गेली, कोणीं दुष्काळांत पाटल्या मोडून घर चालविलें, हें सारें तिला तिच्या आजीनें सांगितलेलें. ती म्हणावयाची, "लिही रे. माझ्या आजीला माहेरीं ठकू म्हणत. इथें आल्यावर ती यमुना झाली."

दादा विचारावयाचे, "आत्या, याला पुरावा काय?"

"अरे, पुरावा म्हणून मी बसल्यें आहें ना तुझ्यापुढें!"

यावर आम्ही दोघे भाऊ हंसत असूं. दादा लिहीत नसत. निदान आमची तरी तशी समजूत होती.

२०१६ सालीं हस्तलिखित चारशें पानांवर गेलें. छापखानेवाला ठरला. आत्या तेव्हां अठ्ठ्याऐंशी वर्षांची. एके सायंकाळीं दादा कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ओसरीवर बसले होते. ते सहसा कोणाचा सल्ला विचारीत नसत. त्या दिवशीं त्यांनीं विचारला. "काय रे, देऊं या का छापावयाला? आत्याच्या हातांत पडेल."

मुद्रितें तपासण्याचें काम आमच्याकडे होतें. इंदूरच्या शाखेंत एक दुवा जुळत नव्हता. दोन ठिकाणीं बापाहून मुलगा थोरला ठरत होता. आम्हीं म्हटलें, "दादा, अठरा वर्षें थांबलों, आणखी एक थांबूं. इंदूरचा दुवा मिळूं दे. पुस्तक कसें, परफेक्ट झालें पाहिजे."

वाचकहो, तो शब्द आमच्या घरांत त्या मुलीनें आणलेला नाहीं. तो आम्हीं आणला.

दादांनीं गठ्ठ्याला पुन्हा दोरा बांधला आणि तो कपाटांत ठेवला. इंदूरचा दुवा एका वर्षांत मिळाला नाहीं. दोन वर्षांत नाहीं. तो आजतागायत मिळालेला नाहीं. आत्या दर दिवाळीला विचारी, "माझ्या आजीचें नांव लागलें का रे कागदाला?" आम्ही म्हणत असूं, "लागेल, आत्या." हा साधा भविष्यकाळ. २०१९च्या जानेवारींत आत्या गेली. २०२१ सालीं दादाही गेले.

दादांचें वर्षश्राद्ध झाल्यावर आम्हीं तें कपाट उघडलें. गठ्ठ्याखालीं लाल कापडी पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही होती. तींत दादांच्या हातचीं, पण पेन्सिलीनें लिहिलेलीं, अकरा स्त्रियांचीं नांवें होतीं. माहेरचें एका रकान्यांत, सासरचें दुसऱ्या रकान्यांत. पहिलींच ओळ 'ठकू – यमुना'. आत्यासमोर 'पुरावा काय' म्हणणारा हा गृहस्थ खोलींत जाऊन तिचे शब्द टिपून ठेवीत होता! शाईनें लिहिण्याचें मात्र त्याला धैर्य झालें नाहीं. अकरा नांवांच्या खालीं सहा ओळी रिकाम्या होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढें बारीक अक्षरांत एकच नोंद होती: 'आत्यास विचारणें.'

त्या सहा ओळी वाचून आमच्या मनाची काय स्थिति झाली, तें लिहीत बसत नाहीं. २०१६ सालीं पुस्तक छापावयास गेलें असतें, तर छपाईच्या घाईनें तरी दादांनीं त्या सहा नांवांबद्दल आत्याला विचारलें असतें. काम पुढें ढकललें, तसें विचारणेंही पुढें ढकललें गेलें. सहा स्त्रिया या जगांत येऊन गेल्या, त्यांच्या पोटीं आम्ही जन्मलों, आणि त्यांचीं नांवें ज्या एका माणसाला ठाऊक होतीं, त्याच्या शेजारच्या खोलींत बसून आम्ही इंदूरचा दुवा शोधीत होतों.

त्यानंतर आम्हांला थोर कोशकारांच्या गोष्टी वारंवार आठवूं लागल्या. पूर्वी त्या वाचल्या होत्या, पण त्यांचा बोध झाला नव्हता. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला. त्याचे प्रमुख संपादक मरे १९१५ सालीं वारले. वर्णमाला संपलेली नव्हती. कोश पुरा झाला १९२८ सालीं, दुसऱ्यांच्या हातून. आणि पांचच वर्षांनीं, १९३३ सालीं, त्याला पुरवणी काढावी लागली. आपल्याकडे मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीनें तडीस नेला आणि तो १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या अवधींत निघाले. पुढें १९५० सालीं त्यालाही पुरवणी आली. मरे यांनीं 'सगळे शब्द मिळाल्याशिवाय पहिला भाग छापणार नाहीं' असें म्हटलें असतें, तर इंग्रजी भाषेचा तो कोश एखाद्या कपाटांत दोरा बांधलेला पडला असता. या मंडळींनीं भाग छापले, पुरवणीची लाज बाळगली नाहीं, आणि आपल्या मागून कोणी तरी काम हातीं घेईल असा विश्वास धरला. आम्हां दोघां भावांत विद्वत्ता त्यांच्या शतांशानेंही नव्हती. परिपूर्णतेचा अभिमान मात्र त्यांच्याहून मोठा होता.

आणि हा धडा घेण्यासाठीं ऑक्सफर्डला जावयाचें तरी काय कारण होतें? तो आपल्या भाषेंतच होता. 'पूर्ण' या संस्कृत शब्दाचें मराठींत 'पुरें' झालें, आणि या 'पुरें'चे अर्थ दोन. 'काम पुरें केलें' म्हणजे शेवटास नेलें. आणि पानावर वाढतांना 'पुरें' म्हटलें, म्हणजे एवढ्यानें भागलें, आतां अधिक नको. जें भागवितें तें पुरें, असा या शब्दाचा शहाणपणा आहे. त्याच घराण्यांतली 'पुरवणी' आहे आणि होळीच्या पोळींतलें 'पुरण'ही आहे. तसाच 'सांगता' हा शब्द. तो 'साङ्ग' यापासून आला. 'साङ्ग' म्हणजे सर्व अंगांसह. परंतु पूजेची सांगता आपण करतों कशी? शेवटीं हात जोडून म्हणतों, कीं मंत्रांत चूक राहिली असेल, विधींत उणें राहिलें असेल, भक्तींत कमी पडलों असेन. तें सारें पदरांत घेऊन ही पूजा परिपूर्ण मानून घे. उणीव नाहीं म्हणून पूजा पूर्ण होत नाहीं. उणीव कबूल केली म्हणून ती पूर्ण होते. बाळपणापासून आम्ही हें म्हणत आलों. चतुर्थीला म्हटलें, अनंताला म्हटलें, आणि कपाटाला कुलूप लावलें.

शेवटीं २०२४ सालीं पुस्तक छापण्याचें ठरविलें. दादांच्या त्या नातीनें चारशें पानें दिवसाची नोकरी सांभाळून रात्रीं यंत्रावर उतरून काढलीं. पेन्सिलीच्या नांवांपाशीं ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हीं घ्यायचीं का? यांना कागद नाहीं."

आम्हीं म्हटलें, "घे. तिरप्या अक्षरांत घे, आणि खालीं लिही, 'आत्यांच्या सांगण्यावरून'."

"आणि उरलेलीं सहा?"

तेथें 'नांव उपलब्ध नाहीं' असें लिहूं दिलें नाहीं. तें खोटें झालें असतें. सहा ओळी कोऱ्या सोडल्या. इंदूरच्या शाखेखालीं, 'येथें दुवा जुळत नाहीं. जाणत्यांनीं कळवावें,' असें छापलें, आणि पुस्तकाच्या अखेरीस प्रत्येक शाखेसाठीं दोन दोन कोरीं पानें घातलीं.

छापखान्यांत आणखी एक गंमत झाली. बांधणीचा प्रश्न निघाला तेव्हां तेथील गृहस्थांनीं विचारलें, "दोऱ्यानें शिवूं कीं परफेक्ट करूं?" आम्ही पुन्हा दचकलों! मग कळलें, कीं पानांच्या कडा कापून, पाठीला डिंकासारखा चिकट पदार्थ लावून पुठ्ठा डकवितात, त्या बांधणीला धंद्यांत हें नांव आहे. ती दिसावयास सफाईदार आणि स्वस्त; पण पुस्तक वारंवार उघडलें, कीं कालांतरानें पानें सुटण्याचा संभव. शिवलेली बांधणी जरा ओबड, परंतु टिकाऊ. आम्हीं म्हटलें, "शिवा."

पहिली प्रत घरीं आली ती देवापुढें ठेवली, आणि तेथून उचलून माजघरांतल्या त्या खिडकीपाशीं नेली. तेथें आतां कोणी बसत नाहीं. नातीनें पान उघडून मोठ्यानें वाचलें: 'यमुना, माहेरची ठकू.' क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग तिनें शेवटची पिढी काढली आणि ती खळखळून हंसली. तिच्या स्वतःच्या जन्मसालांत आम्हीं, पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानें, दोन आंकडे उलटे राहूं दिले होते. तिनें टेबलावरची पेन्सिल घेतली, आंकडे नीट केले आणि म्हणाली, "परफेक्ट."

या खेपेस आम्हीं ती शब्दयोजना दुरुस्त केली नाहीं.

वाचकांच्या घरींही अशी कोणी आत्या, काकू किंवा आजी असेल. तिला कागदपत्र विचारूं नये. आज सायंकाळीं दिवेलागण झाली, कीं तिच्यापाशीं वही घेऊन बसावें आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. शाई नसली तर पेन्सिलही पुरे.